४.४९ की ४.५०? एअर रायफलचे पेलेट निवडताना

कुपवाड एमआयडीसीत माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. पोरगी दहा मीटर एअर रायफल मारते, म्हणून पेलेट, म्हणजे शिशाचे छर्रे, निवडायचं काम माझ्याकडे. पहिल्या वेळी सपशेल फसलो. रेंजवरचा एक चांगला नेमबाज ४.५० वापरतो, एवढ्यावर मी दहा डबे उचलले. त्याच्या नळीला ते मानवत होते, आमच्या नळीला नाही.

डब्यावरचा तो आकडा म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पण पेलेट डायमध्ये दाबून बनतात आणि डाय झिजते, हे लेथवाल्याला कुणी सांगायला नको. एकाच आकड्याचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेला माल, म्हणूनच वेगळे निघतात. मला तर आता डब्यावर लॉट नंबरच आधी दिसतो.

चार-पाच लॉटचा एकेक डबा आणा. सपाट डोक्याचेच घ्या, ते कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पाडतात. रायफल व्हाइसमध्ये रबर लावून धरा, पण बॉडीला. नळी आवळू नका. नळी नुकतीच साफ केली असेल तर आधी वीस-तीस पेलेट वाया घालवा. मग दहा मीटरवरून एका कागदावर एका लॉटचे दहा, नेम न हलवता. कागदावर लॉट नंबर तिथल्या तिथे लिहा, घरी गेल्यावर आठवत नाही. दहा भोकांचा मिळून जो पसारा होतो तो ग्रुप, त्याची बाहेरची कड ते बाहेरची कड व्हर्निअरने मोजा. ७ मिमीच्या आत आला तर तोच लॉट पुन्हा दोनदा मारून बघा, कारण दहा गोळ्यांत नशीबही असतं. ८ च्या पुढे गेला तर सरावाला ठेवा.

एवढी चिरफाड कशाला? रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमीचा. गोळीची कड त्याला टेकायला हवी, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत असेल तरच दहा, आणि दर ०.२५ मिमीला एक दशांश गुण जातो. ग्रुप १ मिमीने पसरला की कडेच्या गोळीचे ०.२ गेले, पोरीची काही चूक नसताना.

पिस्तूलवाल्यांनी इतका जीव काढू नये. तिथे दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे. रायफलला साधारण ०.५३ ग्रॅमचे घेतात, पिस्तूलला थोडे हलके चालतात. स्कर्ट, म्हणजे पेलेटची मागची पोकळ कड, चेपलेले तेवढे वेचून टाका.

लॉट जमला की वर्षभराचे डबे एकदम घ्या. "तोच आकडा आहे की हो" असं दुकानदार म्हणेल, ऐकू नका. डबे कोरड्यात आणि वरच्या फळीवर ठेवा. २०१९ च्या महापुरात आमचे दोन तळमजल्यावर राहिले, पेलेट पांढरे पडले. आणि शिसं आहे ते. साबणाने हात धुतल्याशिवाय मी पोरीला दुसरा डबा उघडू देत नाही, जेवणाचा.