मागच्या अ‍ॅक्सलचं सील पुन्हा पुन्हा गळतंय? मूळ दोष असा शोधा

सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) नवं टाकलं, महिना-दोन महिने बरे गेले आणि मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला टायरवर पुन्हा तेलाचा ओघळ आला, तर तिसरं सील आणायची घाई करू नका. एकाच बाजूचं सील दोनदा गेलं की दोष बहुतेक वेळा सीलच्या शेजारी असतो. ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी) तुंबलेला, शाफ्टवर खाच पडलेली, बेअरिंग ढिलं किंवा हाउसिंग (अ‍ॅक्सलचं बाहेरचं कवच) वाकलेलं निघतं. इथे उदाहरण मारुती जिप्सीसारख्या गाडीचं घेतलं आहे: मागे सलग अ‍ॅक्सल, ड्रम ब्रेक आणि सेमी-फ्लोटिंग शाफ्ट. हा शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. त्यामुळे बेअरिंग झिजलं की त्याचा त्रास थेट सीलला होतो.

गळतंय ते नक्की काय?

गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना उटी (अडसर) द्या, मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवा आणि ड्रम काढा. आतली धूळ हवेने उडवू नका, फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा. आता ओल कशाची आहे ते बघा. गिअर ऑइल दाट आणि चिकट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं. शंका वाटली तर दोन थेंब पाण्यात टाका: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल वर तरंगतं. ब्रेक ऑइल निघालं तर व्हील सिलिंडरचा रबरी बूट उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर गेला आहे आणि अ‍ॅक्सलला हात लावायची गरज नाही.

तेल डिफरन्शियलच्या (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) जोडातून, पिनियन सीलमधून (प्रोपेलर शाफ्ट जिथे त्याला जोडतो तिथलं सील) किंवा ट्यूबच्या (गोळ्यापासून चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) वेल्डमधूनही येऊ शकतं. उतारावर उभ्या गाडीत ते ट्यूबवरून ओघळत चाकापर्यंत पोचतं आणि दोष शाफ्ट सीलवर जातो. सगळा अ‍ॅक्सल डीग्रीझरने धुऊन पूर्ण वाळवा, बाहेरून टाल्कम पावडर भुरभुरवा आणि ड्रम, चाक लावून 10-15 किलोमीटर चालवा. पावडरीवर पहिली काळी रेघ जिथे उमटते तिथून गळती सुरू होते.

ब्रीदर

या तपासणीला एक पैसा लागत नाही, तरी तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. बंद अ‍ॅक्सलमधली हवा 30 अंशांवरून 90 अंशांवर गेली तर आत सुमारे 3 पीएसआय दाब तयार होतो. शाफ्टचं सील असा दाब सतत सोसण्यासाठी बनवलेलं नसतं; लिप (सीलची शाफ्टला टेकणारी रबरी कड) उचलली जाते आणि तेल बाहेर येतं. कोकणातली लाल माती ब्रीदरच्या टोपीखाली जाऊन वाळली की विटेसारखी घट्ट होते.

ब्रीदर काढा, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा आणि अ‍ॅक्सलकडच्या टोकातून तोंडाने हवा फुंका. ती सहज बाहेर गेली पाहिजे. काही ब्रीदर एकाच दिशेने हवा सोडतात, म्हणून उलट्या बाजूने फुंकून निष्कर्ष काढू नका. त्या जागी तात्पुरती रबरी नळी लावून तिचं टोक उंच बांधा आणि कोरड्या रस्त्यावर 30-40 किलोमीटर चालवा. गळती थांबली तर कारण सापडलं.

नदीनाले ओलांडणाऱ्या गाडीला ही नळी कायमचीच हवी. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि अ‍ॅक्सल सीलमधून पाणी ओढून घेतो. मग तेल दुधी होतं, बेअरिंग गंजतं आणि पुढच्या सीलचं आयुष्य तिथेच ठरतं. नळीचं टोक चॅसिसवर किंवा बॉनेटखाली, पाण्याच्या पातळीच्या बरंच वर न्या. मधे कुठे खाली झोळ पडू देऊ नका, त्यात पाणी साचतं.

तेलाची पातळी

तेल लेव्हल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं, तेही गाडी चारही चाकांवर सपाट उभी असताना. एका बाजूने जॅक लावून भरलेलं तेल हमखास जास्त होतं. मग ट्यूबमध्ये साचलेलं तेल सीलला टेकून राहतं. गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकताना पिनियनचं तोंड वर फिरवलं असेल तर प्लगची उंचीही बदलते: प्लग पुढच्या बाजूला असेल तर तो वर जातो आणि त्याच्या भोकापर्यंत भरलेलं तेल मूळ पातळीपेक्षा जास्त ठरतं.

बेअरिंग

शाफ्ट ओढण्याआधीच हे बघा. चाक लावलेलं ठेवून वर-खाली धरून हलवा. हाताला ठोका लागला तर बेअरिंग गेलं. सील बदलून उपयोग नाही. ठोका नसेल तर ड्रम काढून शाफ्टच्या फ्लँजवर (चाक बसतं ती तबकडी) डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा. वर-खाली आणि आत-बाहेर किती हलतं ते मोजा, मग फ्लँज हळू फिरवून वाकडेपणा बघा. आकडे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडा. रुंद टायर, बाहेर काढलेली रिम आणि व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) यांनी या बेअरिंगवरचा ताण वाढतो. अशा गाडीत बेअरिंग लवकर झिजेल हे धरूनच चला.

जुनं सील बोलतं, ते ऐका

जिप्सीत बॅक प्लेटचे (ब्रेकचे भाग बसतात ती थाळी) चार नट मागून काढायचे, ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल सोडवायची आणि स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या ठोक्याने ओढणारं हत्यार) शाफ्ट ओढायचा. सील काढण्याआधी त्यावर वरची बाजू खुणेने दाखवा. काढल्यावर ते फेकू नका. निदान करायला याहून चांगला पुरावा मिळत नाही. लिप पुसा आणि उजेडात भिंगाने बघा.

घासलेला पट्टा एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला जेमतेम असेल, तर शाफ्ट सीलच्या मध्यातून जात नाही. म्हणजे हाउसिंग वाकलंय किंवा सील तिरकं ठोकलंय. पट्टा सगळीकडे सारखाच रुंद आहे, पण शाफ्टवरची घासण एकाच बाजूला आहे, असं दिसलं तर शाफ्ट वाकडा आहे. लिपवर एकच उभा काप दिसला तर बसवताना स्प्लाइनने (शाफ्टच्या टोकावरचे दाते) ती कापली. लिप कडक होऊन तडकली असेल तर उष्णता किंवा कोरडी लिप. लिपमागची गोल स्प्रिंग जागेवर नसेल तर सील ठोकताना उडाली. आणि लिप धडधाकट असून सीलच्या बाहेरच्या घेरावर तेलाची वाट दिसत असेल, तर तेल सील आणि हाउसिंगच्या मधून येतंय. आधीच्या वेळी स्क्रू ड्रायव्हरने सील उचकटताना बोअरवर (सील बसतं ते हाउसिंगचं भोक) ओरखडा पडला असणार.

मग शाफ्टवर सील फिरतं त्या जागी नख आडवं फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे, आणि अशा खाचेवर नवं सील टिकत नाही. काही अ‍ॅक्सलमध्ये सील थेट शाफ्टवर फिरतं, काहींत बेअरिंगला अडवणाऱ्या, दाबून बसवलेल्या रिंगवर. चकाकणारा पट्टा कुठे आहे त्यावरून कळेल. रिंगवर असेल तर बेअरिंगसोबत नवी रिंग घाला. काढलेली रिंग पुन्हा वापरू नका, तिची पकड गेलेली असते. जुनी रिंग ग्राइंडरने जवळजवळ पूर्ण कापून छिन्नीने फोडा. शाफ्टला ग्राइंडर लागू देऊ नका आणि गॅस तर मुळीच लावू नका. खाच थेट शाफ्टवर असेल तर पातळ दुरुस्ती स्लीव्ह (खाच झाकणारी धातूची नळी) चढवा. स्लीव्ह मिळाली नाही आणि बोअरमध्ये जागा असेल, तर सील 2 मिलिमीटर आत-बाहेर बसवून लिप कोऱ्या धातूवर आणता येते.

हाउसिंग वाकलंय का?

उडी मारून आदळलेल्या गाडीत हे नक्की तपासा. दोन्ही मागच्या टायरवर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या बाजूला खडूने एकेक खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. गाडी ढकलून चाकं अर्धा फेरा फिरवा, म्हणजे त्याच खुणा मागे येतील. पुन्हा मोजा. रिमचा वाकडेपणा यात वजा होतो. अंतरात 2-3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक वारंवार आला तर हाउसिंग पुढे-मागे वाकलं आहे. उडीने वाकलेल्या हाउसिंगची टोकं सहसा वर उचलली जातात. मग दोन्ही चाकांचे माथे आत झुकलेले दिसतात, ओळंबा लावला की समजतं. असं हाउसिंग चांगल्या वर्कशॉपकडे अलाइनमेंट बार घालून सरळ करून घ्या, नाहीतर बदला.

नवं सील बसवताना

बोअर स्वच्छ करून ओरखडे बारीक पॉलिश पेपरने मऊ करा. सीलचा बाहेरचा घेर नुसता धातूचा असेल तर त्यावर गॅस्केट सीलंटचा अगदी पातळ थर द्या. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे. लिपला ग्रीस लावा, कारण पहिले काही फेरे तिथे तेल पोचलेलं नसतं. घेराच्या मापाचा सॉकेट किंवा पाइप घेऊन सरळ, थोडं थोडं ठोका. शाफ्ट घालताना त्याचं वजन सीलवर टेकू देऊ नका. स्प्लाइन मधोमध धरूनच आत न्या, जमल्यास दोघांनी मिळून.

बॅक प्लेट आणि हाउसिंगच्या जोडावर सीलंट लावा आणि ते वाळेपर्यंत तेल भरू नका. तेल मॅन्युअलप्रमाणे, सहसा जीएल-5 दर्जाचं 80डब्ल्यू-90. तेल प्यायलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका. तापल्यावर तेल पुन्हा वर येतं आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते. दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला, मग ब्रेकची हवा काढा.

50 किलोमीटरनंतर ड्रम काढून बघा आणि 500 किलोमीटरनंतर पुन्हा बघा. दुसऱ्या वेळी लेव्हल प्लगही उघडा: ड्रम कोरडा आहे पण तेल कमी झालंय, असं दिसलं तर पिनियन सीलकडे वळा.