मुंगूस खुराड्याखालून उकरून यायचं, शेवटी असं थांबवलं

आठवड्यात तीन कोंबड्या गेल्या, त्याही भर दुपारी, रात्री गेल्या असत्या तर उदमांजरावर संशय घेतला असता. भिंतीला चिकटून मुठीएवढं बीळ, बाहेर ताजी माती. बुजवलं की दुसऱ्या दिवशी शेजारी नवीन! षटकोनी भोकांची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाकी कोणाला अडवत नाही हे मला उशिराच कळलं. मग अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली, चौकोनी भोकांची जाळी) आणली, खुराड्याला स्क्रू-वॉशरने आवळली आणि खाली बाहेरच्या बाजूला वळवून दीड फूट जमिनीवर आडवी पसरली, वर माती आणि दगड टाकले, कारण मुंगूस भिंतीलगतच उकरतं, मागे सरकून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. चढणाऱ्यांसाठी छतालाही तीच जाळी. परवा पुन्हा नखांचे ओरखडे दिसले, पण जाळीपाशीच थांबलेले.