ऑफिस सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना फाइल प्रकारांच्या चौकटींत टिक करावी का?

लिब्रेऑफिससारखे (म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे मोफत) सॉफ्टवेअर विंडोजवर कस्टम पद्धतीने इन्स्टॉल करताना मध्येच एक प्रश्न समोर येतो: वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या फाइल्स यापुढे या सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या का? आधीपासून दुसरे ऑफिस असलेल्या संगणकावर इथे हात थबकतो, कारण चुकीची टिक पडली तर जुन्या फाइल्सचे काय होईल, अशी धास्ती वाटते. ती धास्ती आधी मनातून काढून टाकावी. फाइलवर डबल क्लिक केल्यावर ती कोणत्या प्रोग्राममध्ये उघडावी, एवढेच या चौकटींनी ठरते. फाइलमधला मजकूर, तिचा फॉरमॅट किंवा आधीचे सॉफ्टवेअर यांना त्याने धक्का लागत नाही.

दोन्ही ऑफिस ठेवायची असतील, तर माझ्या मते सगळ्या चौकटी रिकाम्या ठेवणेच उत्तम. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी फाइल पाहायची झाली, तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून ते निवडता येते. संगणकावर दुसरे ऑफिसच नसेल, तर मात्र निःशंकपणे टिक करावी.

निर्णय नंतर बदलावासा वाटला, तरी पुन्हा इन्स्टॉल करण्याची गरज नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ आणि त्यातील ‘डिफॉल्ट ॲप्स’ इथे जाऊन वरच्या रकान्यात टिंबासह ‘.डॉकएक्स’ (.docx) हे एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, इंग्रजी अक्षरांत टाइप करावे, सध्याच्या प्रोग्रामच्या नावावर क्लिक करावे आणि हवा तो निवडावा. विंडोज प्रत्येक एक्स्टेन्शन स्वतंत्र धरते, त्यामुळे ‘.डॉकएक्स’ बदलले तरी जुने ‘.डॉक’ पूर्वीच्याच प्रोग्रामकडे राहते. बदल अर्धवट झाल्यासारखा वाटतो, तो बहुधा यामुळेच. मॅकवर फाइलच्या ‘गेट इन्फो’ खिडकीत ‘ओपन विथ’खाली प्रोग्राम निवडून ‘चेंज ऑल’ दाबावे.

फाइल कशात उघडते आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह होते, या दोन गोष्टींची गल्लत मात्र होऊ देऊ नये. चौकटींत टिक केली, तरी लिब्रेऑफिसमध्ये तयार केलेले नवे डॉक्युमेंट मुळात ‘.ओडीटी’ या त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येच सेव्ह होते. ते नेहमी वर्डच्या फॉरमॅटमध्ये हवे असेल, तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ या क्रमाने जाऊन तिथे ठरवावे लागते. नुसते एक्स्टेन्शनचे नाव बदलून फाइलचा फॉरमॅट बदलत नाही; त्यासाठी ‘सेव्ह ॲज’च वापरावे.