मेंदूतली जनुकं आणि हार्मोन : नर-मादी तुलना करताना या चुका टाळा

उंदराच्या मेंदूत एखादं जनुक नरात जास्त आणि मादीत कमी व्यक्त (म्हणजे सक्रिय) होताना दिसलं की बहुतेक जण त्याचं खापर त्या दिवशीच्या हार्मोनवर फोडतात. सगळ्यात महागात पडते ती हीच घाई.

नर पिल्लू जन्मतं त्या सुमारास त्याच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉनची लाट येते. मेंदूतलं अरोमाटेज हे एन्झाइम त्याचंच इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) करतं. म्हणजे उंदराच्या मेंदूला नराचं वळण लावण्यात मोठा वाटा इस्ट्रोजेनचा! 2022 मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या गटाने दाखवलं की प्रौढ नर-मादीला सारखंच इस्ट्रॅडिओल दिलं तर इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फा (इस्ट्रोजेन ज्याला चिकटतं ते प्रथिन) दोघांच्या डीएनएवर बहुतांशी त्याच जागी बसतो. टिकून राहणारा फरक नवजात वयातच पडलेला असतो. म्हणून आधी दोन्ही गटांची वृषणं-अंडाशयं काढा आणि दोघांना हार्मोनचा सारखाच डोस द्या. फरक मिटला तर तो आजच्या हार्मोनचा. उरला तर जन्माच्या आसपासचे दिवस किंवा लिंग गुणसूत्रं तपासायला हवीत.

दुसरी चूक आकडेमोडीतली, आणि ती छापून आलेल्या शोधनिबंधांतही सर्रास सापडते. समजा, औषधाने जनुकाची पातळी नरात 40 टक्के वाढली, पी 0.03, मादीत 32 टक्के, पी 0.12. (पी म्हणजे औषधाचा परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती 0.05 च्या खाली असली तर फरक सार्थ मानतात.) लगेच निष्कर्ष निघतो : 'परिणाम फक्त नरात'. पण 40 आणि 32 यांच्यातला फरक तुम्ही तपासलाच नाही. लिंग आणि औषध यांची इंटरॅक्शन चाचणी, म्हणजे औषधाचा परिणाम नर-मादीत खरंच वेगळा आहे का याची चाचणी, करा. ती सार्थ आली नाही, तर 'नरातच' हा शब्द लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही.

मादीचं प्रजनन चक्र 4-5 दिवसांचं, त्यामुळे आकडे विखुरतात, असं म्हणून माद्यांना वगळू नका. 2014 मधल्या एका मोठ्या आढाव्यात, चक्राची अवस्था न पाहता मोजलेल्या माद्याही नरांपेक्षा जास्त विखुरलेल्या आढळल्या नाहीत. नैराश्य आणि मायग्रेन स्त्रियांत जास्त आढळतात. त्यांचा अभ्यास नुसत्या नरांवर होत राहणं मला अन्यायाचं वाटतं. जनुक इस्ट्रोजेनवर हलणारं असेल तर मात्र योनिस्राव स्मिअर घ्या, म्हणजे चक्राची अवस्था कळेल : केंद्रक असलेल्या गोल पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस, केंद्रक नसलेल्या चपट्या पेशी म्हणजे इस्ट्रस, पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे डायइस्ट्रस.

नियंत्रण गटातच इस्ट्रोजेनचा परिणाम दिसतोय? खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा. सोयाबीनमधलं जेनिस्टीन इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटतं. पेशी वाढवत असाल तर फिनॉल रेड (इस्ट्रोजेनसारखं वागू शकणारा रंग) नसलेलं माध्यम आणि कोळशाने हार्मोन काढलेलं सीरम वापरा.

हायपोथॅलॅमसचा (मेंदूतला हार्मोन नियंत्रित करणारा भाग) अख्खा तुकडा वाटून आरएनए काढला असेल तर जपून. त्याच्या पुढच्या भागातले किसपेप्टिन (प्रजननाशी संबंधित एक प्रथिन) बनवणारे न्यूरॉन मादीत मुळातच कितीतरी जास्त असतात. किसपेप्टिन जास्त दिसलं, तर ते पेशींच्या संख्येमुळेही असू शकतं.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नका. माणसात अँड्रोजेन रिसेप्टरचं (टेस्टोस्टेरॉन ज्याला चिकटतं ते प्रथिन) महत्त्व जास्त दिसतं : तो पूर्ण निकामी असलेल्या एक्सवाय (पुरुषाची गुणसूत्रं असलेल्या) व्यक्ती शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन्ही असूनही बहुतांशी स्त्री म्हणूनच वाढतात आणि जगतात.

आणि काहीच जुळत नसेल तर नमुन्यांच्या नळ्यांवरची लेबलं तपासा. झिस्ट हे जनुक मादीत दिसायला हवं, वाय गुणसूत्रावरचं डीडीएक्स3वाय हे जनुक नरात. एकाच नमुन्यात दोन्ही भरपूर दिसली तर नळ्यांची सरमिसळ झालेली असण्याचीच शक्यता जास्त.