दिवाळखोरीनंतर ब्रिटनमध्ये घराचा विमा घेताना
इंग्लंडमध्ये दिवाळखोरीतून साधारणपणे १२ महिन्यांत मुक्तता मिळते आणि क्रेडिट अहवालातली तिची नोंदही सहसा सहा वर्षांनी निघून जाते. मात्र विम्याच्या अर्जात ‘तुम्ही किंवा तुमच्यासोबत राहणारे कोणी यापूर्वी दिवाळखोर घोषित झाले होते का?’ असे मुदत न घालता विचारलेले असेल, तर दहा वर्षांपूर्वीची दिवाळखोरीही, अगदी जोडीदाराची असली तरी, सांगावीच लागते. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाजवी काळजी घेऊन दिली म्हणजे पुरे. न विचारलेला इतिहास आपणहून मांडण्याचे बंधन नाही. संकोचापोटी जाणूनबुजून ‘नाही’ लिहिले, तर घरात पाणी शिरल्यावर कंपनी पॉलिसीच रद्द ठरवू शकते आणि भरलेला हप्ताही सहसा परत मिळत नाही. चारचौघांत हा विषय काढणे जड जाते हे खरे, पण अर्ज तपासणाऱ्याच्या लेखी ती केवळ जोखमीची एक नोंद असते. विमा पॉलिसींची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर नकार मिळाल्यास अशा प्रकरणांत मुरलेला दलाल गाठावा; ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशन तो शोधून देण्यास मदत करते. दिलेल्या उत्तरांची प्रत जपून ठेवावी आणि नूतनीकरणाच्या वेळी आधीच भरून आलेली उत्तरे पुन्हा वाचावीत.