रविवारचा मराठी वर्ग काढण्याआधी: मुलांची गरज कशी मोजायची

इंदूरच्या मराठी घरात आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि दोघांचं व्यवस्थित भागतं. हे ऐकून कॉलनीतलं कुणीतरी मुलांसाठी रविवारचा वर्ग काढायचं मनावर घेतं. पहिलीची पुस्तकं येतात, फळ्यावर अ-आ-इ सुरू होतं आणि दिवाळीनंतर निम्म्या सतरंज्या रिकाम्या दिसू लागतात. मुलांना काय येतं आणि नेमकं कुठे अडतं, हे आधी कुणी पाहिलेलं नसतं. ही पाहणी करायला चार आठवडे पुरतात. जूनमध्ये ती उरकली की जुलैत वर्ग सुरू करता येतो.

सुरुवात पालकांपासून करा. तीस ते चाळीस घरं घ्या, पण ती एकाच गोतावळ्यातली नकोत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला की ज्यांच्याकडे मराठी अजून टिकून आहे, तीच घरं तो भरतात आणि चित्र आहे त्याहून बरं दिसतं. म्हणून रामबाग, सुदामानगर, विजयनगर अशा वेगवेगळ्या भागांत प्रत्यक्ष जा, निदान फोन करा. आई-वडिलांपैकी एकच मराठी आहे अशी आठ-दहा घरं यादीत हवीतच.

“मुलाला मराठी यावं असं वाटतं का?” हे विचारू नका. याला नाही कोण म्हणेल? घडलेलं विचारा: गेल्या आठवड्यात तो मराठीत कुणाशी बोलला? पुण्याच्या मावशीचा फोन आला तर तो कोणत्या भाषेत बोलतो? रविवारी सकाळी त्याला सोडायला कोण येणार, आणि कशाने? शेवटचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण वर्ग कुठे भरवायचा हे त्याच उत्तरावर ठरतं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून मूल दर रविवारी येईल या भरवशावर राहू नका.

आता खरं काम. प्रत्येक मुलाबरोबर बारा मिनिटं एकट्याने बसा. आई-वडिलांना बाहेर थांबवा, कारण ते शेजारी असले की उत्तरं तेच पुरवतात. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं, प्रत्येकाला तीन मिनिटं आणि 0 ते 3 गुण द्या: 0 म्हणजे जमत नाही, 1 म्हणजे हिंदीच्या आधाराने, 2 म्हणजे अडखळत पण स्वतःहून, 3 म्हणजे सहज. बोलण्यासाठी बाजाराचं एक चित्र सगळ्यांना तेच दाखवा आणि “इथे काय काय चाललंय?” एवढंच विचारा. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. त्यासाठी पालकांची परवानगी आधी घ्या.

वाचन तपासताना हमखास फसगत होते. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी मुलांच्या हाताखालची असते, त्यामुळे मराठी उतारा ती घडाघडा वाचतात आणि आपण 3 गुण देऊन मोकळे होतो. “राजूला शाळेत शिक्षा झाली” हे वाक्य वाचायला द्या आणि राजूला काय झालं ते विचारा. “शाळेत शिकवलं” असं उत्तर आलं, तर मूल मराठी अक्षरं हिंदीत वाचतंय. राग, चेष्टा, यात्रा हे शब्दही असेच चकवतात. वाचनाचे गुण अर्थ कळल्यावरच द्या.

बोलण्यातल्या चुकांची वेगळी वही ठेवा. “मी पुस्तक वाचली” ही चूक हिंदीतून येते. तिथे पुस्तक स्त्रीलिंगी, आपल्याकडे नपुंसकलिंगी. “मीने खाल्लं” यामागे ‘मैंने’ आहे. “घोड्यावर”ऐवजी “घोडावर” येतं, ‘काळा’चा ‘काला’ होतो. ज्या चुका निम्म्याहून अधिक मुलांत सापडतात, त्याच पहिल्या सहामाहीचा अभ्यासक्रम. बाकीच्या आपोआप सुटतील किंवा पुढच्या वर्षी बघता येतील.

तक्ता भरला की पालकांची मागणी आणि मुलांची गरज यांतलं अंतर समोर येतं. पालकांना सुवाच्य अक्षर, श्लोक, शुद्धलेखन हवं असतं. मुलांच्या तक्त्यात मात्र बहुधा ऐकणं 2-3, बोलणं 0-1 असं दिसतं. अशा मुलांना बाराखडीपासून सुरू करणं म्हणजे येत असलेलं शिकवून कंटाळा आणणं. त्यांना ळ, ऱ्य-ऱ्ह आणि च-ज यांचे दोन उच्चार एवढंच नवं आहे. दोन रविवार पुरे. उरलेला वेळ बोलण्याला द्या. हे पालकांना तक्ता दाखवून पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर ऑगस्टमध्ये “वहीत काहीच कसं नाही?” ही तक्रार येणारच.

गट करताना आधी वय बघा, मग पातळी. चौदा वर्षांच्या मुलीला सात वर्षांच्या मुलांत बसवलं तर पातळी जुळली तरी ती तोंड उघडणार नाही. एका गटात दहा-बारा मुलं आणि दोन शिकवणारे असावेत. एकाला गावाला जावं लागलं तरी वर्ग बुडत नाही.

वेळेचा हिशेब कागदावर करा. जुलै ते जानेवारी साधारण तीस रविवार. गणपतीचे एक-दोन, नवरात्राचा एक, दिवाळीचे दोन, सहामाही परीक्षेचे दोन वजा केले की चोवीसच्या आसपास उरतात. फेब्रुवारीपासून परीक्षांची धामधूम, तेव्हा तो महिना धरूच नका. चोवीस वर्ग, प्रत्येकी 75 मिनिटं, म्हणजे 30 तास. प्रत्येक वर्गातली स्थिरस्थावर होण्याची दहा मिनिटं गेली की हातात 26 तास राहतात. ‘मराठी उत्तम येईल’ हे या तासांत बसत नाही. ‘चित्राबद्दल दोन मिनिटं हिंदी शब्द न घेता बोलेल’ आणि ‘आजीला फोन करून आठवड्याची हकिगत मराठीत सांगेल’ हे बसतं, शिवाय तपासताही येतं.

आठव्या आणि सोळाव्या वर्गानंतर तेच बाजाराचं चित्र पुन्हा दाखवा, पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही आवाज लागोपाठ ऐका. आठव्या वर्गाला एखाद्या गटातल्या निम्म्या मुलांचे बोलण्याचे गुण हलले नसतील तर आधी शिकवणाऱ्यांच्या बोलण्याचा वेळ मोजा. 75 पैकी 40 मिनिटं ताईच बोलत असतील, तर पुढच्या रविवारपासून मुलांना जोडीजोडीने बसवा.