कॅलिफोर्नियात डीयूआयची शिक्षा झाल्यावर कोर्टाचे क्लास कसे पुरे करावेत

कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवल्याचा, म्हणजे डीयूआयचा गुन्हा शाबीत झाला की दंड आणि प्रोबेशन (ठरावीक काळ कोर्टाच्या अटी पाळणे) यांच्या जोडीला क्लासही लागतात. क्लासमध्ये शिकवतात ते कुणालाही झेपेल असेच असते. माणसे अडकतात ती तारखा, हजेरी आणि कागदपत्रांत. सनीव्हेल, फ्रीमाँटकडच्या मराठी मंडळींपैकी जे व्हिसावर आहेत, त्यांनी तर जास्तच जपायला हवे.

१. आधी कोर्टाचा आदेश नीट वाचा

आपल्याला कोणता क्लास लागला आहे हे मित्राच्या अनुभवावरून ठरवू नका. पहिलाच गुन्हा असेल तर साधारणपणे किमान तीन महिन्यांचा, ३० तासांचा कार्यक्रम असतो. रक्तातले दारूचे प्रमाण ०.२० टक्के किंवा त्याहून जास्त निघाले, किंवा चाचणीलाच नकार दिला, तर कोर्ट किमान नऊ महिन्यांचा, ६० तासांचा कार्यक्रम लावते. दहा वर्षांत दुसरा गुन्हा झाला की मामला १८ महिन्यांवर जातो: १२ तास शिक्षण, ५२ तास गटचर्चा, पहिले वर्षभर दर पंधरवड्याला समुपदेशकाशी समोरासमोर भेट आणि शेवटच्या सहा महिन्यांत देखरेखीचे सहा तास. वकिलाने तडजोड करून आरोप 'वेट रेकलेस'वर, म्हणजे दारूशी संबंधित बेदरकार गाडी चालवण्याच्या सौम्य गुन्ह्यावर आणला असेल आणि आधीचा गुन्हा नसेल, तर बहुधा १२ तासांवर भागते.

आदेशात आणखी काय काय लिहिले आहे तेही पाहा. अपघातग्रस्तांच्या नातेवाइकांचे अनुभव ऐकण्याचे सत्र किंवा एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा मदतगट) बैठका वेगळ्या लावल्या असतील, तर त्या डीयूआय क्लासमध्ये आपोआप मोजल्या जातीलच असे नाही. क्लास पुरा होतो, एक सत्र राहून जाते आणि कोर्टात पुन्हा उभे राहावे लागते.

२. परवाना असलेलीच संस्था निवडा

हे कार्यक्रम चालवायला राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ हेल्थ केअर सर्व्हिसेसचा परवाना लागतो. त्यांच्या संकेतस्थळावर काउंटीनिहाय यादी आहे. संस्था तिथूनच निवडा. इंटरनेटवर 'घरबसल्या आठ तासांत सर्टिफिकेट' अशा जाहिराती दिसतात. ते सर्टिफिकेट डीएमव्ही (लायसन्स देणारे राज्याचे वाहन खाते) घेत नाही, म्हणजे पैसेही जातात आणि मुदतही. क्लास ऑनलाइन करायचा असेल तर परवानाधारक संस्थेलाच विचारा, आणि आपल्या कोर्टाला ते चालते का याची खात्री करून घ्या.

३. मुदतीच्या आत नाव घाला

नावनोंदणीची शेवटची तारीख आदेशावर असते. जाताना कोर्टाचा कागद, ओळखपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा घेऊन जा. पूर्ण फी झेपत नसेल तर तसे पहिल्याच दिवशी सांगा. उत्पन्नानुसार हप्ते आणि सवलत देण्याचा नियम आहे, पण मागितल्याशिवाय ती मिळेलच असे नाही. फी थकल्यामुळे कार्यक्रमातून नाव कमी झाले, तर कोर्टाच्या लेखी क्लास अपुराच राहतो.

४. कोर्ट आणि डीएमव्ही, दोन्हीकडे बघा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कोर्टाची शिक्षा वेगळी आणि डीएमव्हीने लायसन्सवर केलेली कारवाई वेगळी. मर्यादित लायसन्स हवे असेल तर नाव घातल्याचा पुरावा, विमा कंपनीकडून एसआर-२२ (गाडीचा विमा असल्याचा दाखला) आणि फी, हे सगळे डीएमव्हीकडे पोचावे लागते. एसआर-२२ साधारण तीन वर्षे चालू ठेवायचे असते. मध्येच विमा तुटला की कंपनीच डीएमव्हीला कळवते आणि लायसन्स पुन्हा बंद होते. निलंबनाची मुदत संपली म्हणून स्टिअरिंगवर बसू नका. क्लास पुरा झाल्याची नोंद डीएमव्हीकडे गेल्याशिवाय लायसन्स पूर्ववत होत नाही.

५. हजेरी सांभाळा

हजेरीपटावर दर वेळी स्वतः सही करा आणि आपल्याकडच्या वहीत तारीख, विषय, तास असे टिपून ठेवा. पुढे तासांचा हिशेब जुळला नाही तर ही वही उपयोगी पडते. दहा मिनिटे उशीर झाला म्हणून आत न घेता तो दिवस गैरहजेरीत धरला, असे होऊ शकते. लायसन्स नसताना बसचा भरवसा धरावा लागतो, तेव्हा एक गाडी आधीची पकडा. चालणाऱ्या गैरहजेऱ्या मोजक्याच असतात. किती ते संस्थेशी केलेल्या करारात लिहिलेले असते. चुकलेला तास भरून काढावाच लागतो.

तोंडाला दारूचा वास आला तर परत पाठवतात आणि त्याची नोंद होते. संध्याकाळचा क्लास असेल तर दुपारच्या जेवणाबरोबरची बिअरसुद्धा नको. गटचर्चेत नुसते मान खाली घालून बसू नका. 'त्या रात्री किती प्यालो, गाडीची किल्ली कुणाकडे होती' एवढे खरेखरे सांगितले तरी सुरुवात होते, आणि पुढच्या वेळी ती किल्ली कुणाकडे द्यायची हेही तिथेच सुचते.

६. भारतात जायचे असेल तर

रजा न घेता सलग २१ दिवस गैरहजर राहिलात तर नाव कमी होते. आपली भारतभेट नेमकी तीन आठवड्यांची असते! तेव्हा तिकीट काढण्याआधी रजेचा लेखी अर्ज द्या, मंजुरी हातात घ्या, प्रोबेशनच्या अटींत प्रवासाबद्दल काही आहे का तेही बघा.

एच-१बी (नोकरीचा) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर त्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटाच. डीयूआयच्या अटकेवरून व्हिसा रद्द होऊ शकतो. तेवढ्याने अमेरिकेतला मुक्काम बेकायदा ठरत नाही, पण बाहेर पडलात की परतायला नवा व्हिसा लागतो. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात गेल्या पाच वर्षांतली अशी अटक दिसली तर नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवतात. त्यात दिवस जातात आणि नोकरी तिकडे खोळंबते. कोर्टाची कागदपत्रे आणि क्लास पुरा केल्याचे प्रमाणपत्र यांच्या प्रती सोबत ठेवा. व्हिसाच्या अर्जात अटकेची माहिती लपवली तर मूळ गुन्ह्यापेक्षा ते जास्त महागात पडते.

७. नाव कमी झालेच, तर

संस्था कोर्टाला आणि डीएमव्हीला कळवते. मर्यादित लायसन्स जाते, प्रोबेशन मोडल्याबद्दल वॉरंटही निघू शकते. वाट बघत बसू नका. त्याच आठवड्यात वकिलामार्फत कोर्टासमोर जा, पुन्हा नाव घालण्याची परवानगी मागा आणि आधीचे किती तास धरले जातील ते संस्थेकडून लिहून घ्या.

८. शेवटच्या क्लासनंतर

क्लास पुरा झाल्याची नोंद डीएमव्हीला संस्था पाठवते. ती पोचली का हे आठवडाभराने स्वतः विचारा. प्रमाणपत्राची प्रत कोर्टात दाखल करा आणि दाखल केल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्या.